गळ, आमिष आणि शुभवर्तमान

(वाचावा : थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र 2:3-9)



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी आमच्या भागातील एका उपदेशकाचे पत्र आले. तालुक्याच्या बाजारात एका दुकानदाराने चार माणसांदेखत त्यांस म्हटले होते की, तुमच्या खापरपणज्याने दुष्काळात पायलीभर जोंधळ्यासाठी धर्म विकला. तुम्ही सारे आमिष गिळलेले लोक. आमचे हे बंधू स्वभावाने शांत आहेत. त्यांनी उत्तर दिले नाही. तेल-मीठ न घेता तसेच घरी आले आणि त्या रात्री जेवले नाहीत. ह्यावर काय म्हणावे, असे त्यांनी आम्हांस विचारले होते.

पुढे तीन महिन्यांनी त्याच उपदेशकाचे दुसरे पत्र आले. नाताळासाठी कोठून तरी पंचवीस घोंगड्या मिळाल्या तर उपासनेच्या वेळी वाटता येतील, म्हणजे आणखी दहा घरे मंडळीत येऊ लागतील, असा त्याचा मजकूर होता. पहिल्या पत्राशी दुसरे पत्र ताडून पाहावे, हे त्यांच्या मनात आले नव्हते. आम्ही दोन्ही पत्रे टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, आणि पुष्कळ दिवस एकाचेही उत्तर लिहिले नाही. का लिहिले नाही, ते पुढे सांगतो.

आमिष हा शब्द मुळात मांसाचा वाचक आहे. मासे धरणाऱ्यांनी तो गळाच्या टोकाला लावला आणि तेथून तो राज्यकर्त्यांच्या व वकिलांच्या भाषेत गेला. ओरिसात 1967 साली व मध्य प्रदेशात 1968 साली जे कायदे झाले त्यांत बळाने, फसवणुकीने वा प्रलोभनाने धर्मांतर करविण्यास मनाई करण्यात आली, आणि तेव्हापासून हा शब्द आम्हां ख्रिस्ती लोकांच्या मागे सावलीसारखा आहे. परंतु जो शब्द आमच्या तोंडावर फेकला जातो त्याचा अर्थ आम्ही वकिलाकडून शिकण्यापूर्वी मासे धरणाऱ्याकडून शिकावा हे बरे. प्रभूने पहिले शिष्य कोणत्या धंद्यातून बोलाविले हे तुम्हांस ठाऊक आहे.

आमच्या मंडळीतील काही कुटुंबे अहिल्यानगर व जालना जिल्ह्यांतील गावे सोडून पोटासाठी दिव्यास येऊन राहिली आहेत. मुंब्रा व डोंबिवली ह्यांच्या मधले हे रेल्वेचे जंक्शन. येथून एक फाटा वसईकडे जातो, एक पनवेलीकडे. दाटीवाटीच्या चाळी, अपुरे पाणी, आणि पहाटेपासून गाड्यांना लोंबकळणारी माणसे, असे आजचे दिवा. परंतु चाळींच्या मागे साबे, दातिवली, आगासन ही आगरी-कोळ्यांची जुनी गावे अजून आहेत, आणि त्यांच्याही पलीकडे उल्हास नदीची खाडी आहे. ही नदी लोणावळ्याच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावते, कर्जत, बदलापूर, कल्याण करीत खाली येते, आणि येथे तिचे गोडे पाणी भरतीच्या खाऱ्या पाण्याला भेटते. अनेक वर्षे ठाणे शहराचा कचरा ह्याच दिव्यात आणून टाकीत. 2023 साली तो थांबला. वरच्या कारखान्यांचे पाणी खाडीत उतरते ते निराळेच. तरीही ह्या पाण्यात मासा आहे, आणि त्याची वाट पाहत बसणारा माणूसही आहे.

घरभेटी आटोपून एका दुपारी आम्ही खाडीकडे गेलो असता बांधावर एक म्हातारे आगरी गृहस्थ गळ टाकून बसलेले दिसले. आम्ही त्यांस काका म्हणू लागलो. ते आम्हांस फादर म्हणत. आम्ही प्रोटेस्टंट मंडळीचे पाळक आहोत, फादर म्हणण्याची आमच्यात चाल नाही, असे दोनदा समजाविले. मग सोडून दिले. पुढे दिव्यास गेलो की त्यांच्याजवळ घटकाभर बसण्याचा आमचा परिपाठच पडला. गळाची विद्या जी थोडीबहुत कळली ती त्यांच्याकडून.

त्यांचे लक्ष जिताड्यावर असे. हा खाडीतला मोठा व रुचकर मासा. आगरी घरात जावयासाठी राखून ठेवावा असा त्याचा मान. तो मेलेल्या वस्तूला सहसा तोंड लावीत नाही. म्हणून काका डब्यात जिवंत कोळंबी ठेवीत, आणि ती मरणार नाही अशा बेताने शेपटीजवळ गळ टोचीत. ओहोटी सरून पाणी परत चढू लागले की दोरा सोडीत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ फार असते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी मंद असते. त्या मानाने दोऱ्याला शिसे कमीजास्त बांधीत. आम्ही एकदा विचारले की, मासा भुकेला असला म्हणजेच गळाला येत असेल, नाही का? ते हसले. म्हणाले, “पोट भरलेला पण येतो, फादर. कोळंबी पळायचं बघते, म्हणून तो धावतो. भुकेचं काय नाय त्यात.”

हे वाक्य आम्ही घरी घेऊन आलो. याकोबाच्या पत्रात (1:14) मनुष्य आपल्याच वासनेने ओढला जाऊन भुलविला जातो असे जेथे सांगितले आहे, तेथे मूळ ग्रीक भाषेत भुलविण्यासाठी जो शब्द आहे तो मासेमाराचाच आहे. आमिष लावून धरणे असा त्याचा अर्थ. भुकेल्याचीच परीक्षा होते असे याकोब म्हणत नाही. भरल्या पोटाचा मनुष्य आपल्यापुढे काही हालताना पाहून धावतो आणि गळ घशात गेल्यावर थांबतो. दुकानदाराला वाटते की आमिष गिळतात ते गरीबच. त्याच बाजारात दामदुपटीच्या योजनांत घरदार घालून बसलेले भरल्या पोटाचे लोक त्याच्या ओळखीचे नसतील काय?

आता आणखी एक प्रकार ऐका. जिवंत आमिष न लावता, पिसे व लोकर बांधून केलेली खोटी माशी पाण्यावर नाचवून मासा धरण्याची एक कला आहे. विलायतेत व अमेरिकेत हौशी लोक ट्राऊट नावाचा मासा असा धरतात. तो मासा आपल्या देशात काश्मिरात व निलगिरीवर इंग्रजांनी आणून सोडला. आमच्या कोकणात वा देशावर तो नाही, कारण त्यास थंड व निर्मळ पाणी लागते. ही कला आजकालची नव्हे. एलियन नावाचा रोमी लेखक इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी होऊन गेला. तो लिहितो की मासेदोनियात एका नदीवर तांबडी लोकर गळाभोवती गुंडाळून तिला कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे बांधतात आणि ठिपक्यांचे मासे धरतात. खरी माशी का लावीत नाहीत? तर माणसाचा हात लागला की तिचा रंग उतरतो व पंख चुरगळतात, म्हणून. आणि ही नदी कोठे? बिरुया व थेस्सलनीका ह्या दोन नगरांच्या मध्ये, असे तो सांगतो.

वाचकहो, ही दोन नावे तुम्ही प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात वाचली आहेत. थेस्सलनीकात दंगा झाला तेव्हा बंधुजनांनी पौल व सीला ह्यांस रातोरात बिरुयास पाठविले. म्हणजे त्याच मुलखातून ते गेले. पुढे पौल थेस्सलनीकाकरांस पत्र लिहितो आणि आमचा बोध कपटाचा नव्हता असे त्यांस सांगतो. कपट म्हणून जो ग्रीक शब्द तेथे आहे, त्याचा जुन्या ग्रीक भाषेतला एक अर्थ माशासाठी टाकलेले आमिष असाही आहे. लिहिताना पौलाच्या डोळ्यांपुढे ती नदी होती असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणण्यास आधार नाही. परंतु पत्र ऐकणाऱ्या सभेत एखादा तरी गळ टाकणारा असेल, आणि तो शब्द त्याच्या कानावर कसा पडला असेल, ह्याचा विचार आमच्या मनातून जात नाही.

पौलाने नुसते सांगितले नाही, पुरावाही दिला. आम्ही तोंडपुजेपणा केला नाही, लोभासाठी ढोंग केले नाही, तुमच्यापैकी कोणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस हाताने काम केले, हे तुम्हांस ठाऊक आहे, असे तो ऐकणाऱ्यांसच साक्षीस बोलावितो. आणि बिरुयाचे लोक? ते ऐकलेले शास्त्राशी रोज ताडून पाहत, व लूक त्यांस थोर मनाचे म्हणतो. जो मासा आमिषाभोवती फिरून फिरून पाहतो त्याचा मासेमाराला राग येतो. जो मनुष्य वचनाभोवती फिरून पाहतो त्याची शुभवर्तमानात स्तुती आहे. एवढ्यावरूनच ओळखावे की पौलाच्या हाती गळ नव्हता.

तर मग आपल्या वाडवडिलांचे काय? येथे खरे बोलले पाहिजे, कारण आमच्याही घराण्याचा बाप्तिस्मा 1876-78 च्या त्या मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षांतला आहे. होय, ते भुकेले होते. महार-मांगांच्या वस्त्यांत अगोदर भूक पोहोचली आणि मदत शेवटी पोहोचली. ज्या दारात धान्य होते त्या दाराकडे ते गेले. ह्यात लाज कसली? लूकच्या पंधराव्या अध्यायातील धाकटा मुलगा कशाने शुद्धीवर आला, ते पुन्हा वाचा. बापाच्या घरच्या चाकरांस पोटभर भाकर आहे आणि आपण उपाशी मरतो, ह्या विचाराने तो उठला. भाकरीसाठीच तो निघाला. बाप त्यास दारात उभा करून, तू प्रेमाने आलास की भुकेने, असे विचारीत नाही. भुकेल्याने भाकरीकडे यावे ह्यात दोष नाही. दोष असला तर भाकरीत काटा लपविणाऱ्याचा.

काटा होता काय, हे कसे ओळखावे? त्या काळच्या मिशनऱ्यांपैकी सर्वच सारखे सावध होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु तेलुगू मुलखात ओंगोल येथे जॉन क्लफ नावाचे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी होते, त्यांचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच दुष्काळात त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या सुमारे साडेतीन मैलांच्या खोदकामाचा मक्ता घेतला आणि हजारो उपाशी लोकांस मजुरी दिली. लोक बाप्तिस्मा मागू लागले. क्लफसाहेबांनी सुमारे पंधरा महिने एकासही बाप्तिस्मा दिला नाही. दुष्काळ ओसरला, मदत संपली, आता देण्यास काही नाही असे सांगितले गेले. तरी लोक आले. 1878 च्या जुलैच्या 3 तारखेस एका दिवसात 2222 जणांचा बाप्तिस्मा झाला. मनात मदतीची आठवण कोणालाच नसेल असे नाही. तरीपण हात रिकामा करून मग दार उघडणे, ही गोष्ट गळ टाकणारा कधी करीत नाही.

आमच्या देशावरच्या वस्त्यांतही धान्य संपले आणि माणसे राहिली. पाणवठ्यावरून हाकलली गेली, भाऊबंदांनी वाळीत टाकले, पुढे सवलती गेल्या, तरी राहिली. गळाला लागलेला मासा राहतो कारण त्यास सुटता येत नाही. ह्यांस तर परत जाण्यास सर्वजण बोलावीत होते.

हे सारे लिहून आम्ही पहिल्या पत्राचे उत्तर पाठवू शकलो असतो. दुसरे पत्र आडवे येत होते. कारण जे त्या उपदेशकांनी करू म्हटले, ते आम्ही एकदा केलेले आहे. सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो असता आम्हांस एक गाव दिले होते. बाप्तिस्म्याच्या वर्गास येणाऱ्या घराला एक लुगडे, अशी आम्ही स्वतःच व्यवस्था केली. वरून कोणी सांगितले नव्हते. अकरा घरे आली. आम्ही वार्षिक अहवालात तो आकडा ठळक लिहिला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. पुढील वर्षी लुगडी नव्हती आणि दोन घरे उरली. नऊ घरे गेली ह्याचे आम्हांस तितकेसे दुःख नाही. जी दोन राहिली, त्यांपैकी एका बाईने पुष्कळ वर्षांनी म्हटले, “पाळकबाबा, आम्ही लुगड्यासाठी आलो असंच गाव अजून म्हणतं. आम्ही त्याच्यासाठी नव्हतो आलो.” तिच्या खऱ्या विश्वासावर तो डाग आम्ही लावला. दुकानदारास बोलण्यास जागा मिळते ती अशी, आणि अशी जागा आम्ही स्वतः करून दिलेली असल्यामुळे लेखणी अडली होती.

आणखीही एक गोष्ट उपदेशकांनी मनात आणावी. अमेरिकेत कोलोरॅडो नावाची नदी वाळवंटातल्या खोल दरीतून वाहते. पूर्वी ती उन्हाळ्यात कोमट व गढूळ असे आणि तिच्यात ट्राऊट नव्हता. 1963 साली ग्लेन कॅन्यन येथे धरणाची दारे बंद झाली, आणि जलाशयाच्या तळचे बर्फासारखे पाणी खाली सुटू लागले. मग त्या रखरखीत कड्यांच्या पायथ्याशी ट्राऊट आणून सोडले. ते वाढले, आणि लीज फेरी नावाच्या ठिकाणी लोक लांबून खोटी माशी घेऊन ते धरावयास येऊ लागले. पाहणाऱ्यास वाटावे की मासा तेथलाच आहे. नदीचे मूळचे मासे मात्र त्या थंडीने हटले. पुढे अवर्षण पडले. 2022 व 2023 साली जलाशय भरल्यापासून कधी नव्हता इतका उतरला, वरच्या थराचे ऊन पाणी दारांतून खाली येऊ लागले आणि ट्राऊट कमी झाले. ते कोणी धरून नेले म्हणून नव्हे. ज्या पाण्यावर ते जगत होते ते त्या नदीचे नव्हते, धरणाचे होते.

आमच्या किती मंडळ्या धरणाच्या पाण्यावर वाढल्या हे ज्याचे त्याने मोजावे. परदेशी अनुदाने गेल्या शतकात आटत गेली. उपदेशकांचे पगार थांबले, कोठे शाळा बंद झाली. काही गावांत त्याबरोबर उपासनाही थांबली. आणि काही गावांत कारभारीण बाईने रविवारी मूठभर धान्य बाजूला काढण्याची चाल चालू ठेवली, तेथे अजून घंटा वाजते. दिव्याच्या चाळीत जी आमची कुटुंबे आहेत त्यांस तेथे कोणी बोलावून नेले नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, शेजारचा दूरदर्शनसंच मोठ्याने चालू असताना, ती बुधवारी रात्री नऊला प्रार्थनेस बसतात. कामावरून तोवर सर्वजण परतलेले नसतात, म्हणून शेवटचे गीत उशिरा येणाऱ्यांसाठी पुन्हा गातात.

असे असले तरी भुकेल्यास काही देऊच नये काय? हाच प्रश्न घेऊन आम्ही शेवटच्या खेपेस खाडीवर गेलो होतो. काकांस तो विचारला मात्र नाही. त्या दिवशी त्यांच्या दोऱ्याला एक शिंगाळा लागला, जिताडा नाही. ऊन कलले. त्यांनी दोरा गुंडाळला, गळ काढून बुचाला टोचून ठेवला, आणि डब्यात उरलेल्या कोळंब्या पाण्यात ओतल्या. आम्ही म्हटले, काका, आता ह्या फुकट जिताड्याच्या पोटात जाणार. ते म्हणाले, “जाऊ दे की. काटा नाय त्यात, म्हणजे नुसतं खाणं.”

प्रभूने पाच हजारांस जेवू घातले ते असे नुसते खाणे होते. दुसऱ्या दिवशी लोक शोधीत आले तेव्हा, तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झाला म्हणून माझा शोध करिता, हे त्याने त्यांस उघड सांगितले (योहान 6:26). आणि पुष्कळजण परत गेले तेव्हा त्याने कोणास दोरा लावून ओढले नाही. बारा जणांसही, तुमचीही जाण्याची इच्छा आहे काय, असे विचारले. पेत्राला मनुष्ये धरणारा होशील असे म्हटले (लूक 5:10), तेथे मूळ शब्दाचा अर्थ जिवंत धरणे असा आहे. बाजारात विकावयास नेण्याचा मासा जिवंत राहिला काय, मेला काय, धरणाऱ्यास सारखेच.

उपदेशक बंधूंस आम्ही अखेर लिहिले ते असे. घोंगड्या पंचवीस मिळणार नाहीत, नऊ मिळतील. त्यांतील चार आमच्या मंडळीने वर्गणी करून घेतल्या आहेत. त्या उपासनेत वाटू नका, नाताळातही नको. थंडी मार्गशीर्षातच पडते, तेव्हा द्या. गावात एकटी राहणारी म्हातारी माणसे कोण आहेत ह्याची यादी शाळामास्तर व अंगणवाडीच्या बाई ह्यांस विचारून करा, म्हणजे निवड तुमची राहणार नाही. देताना शुभवर्तमानाची पत्रिका घोंगडीत गुंडाळू नका. कोणी येशूविषयी विचारले तर लपवूही नका. बसा व मोकळेपणी सांगा. आणि बाजारात तो गृहस्थ पुन्हा भेटला तर खापरपणज्याची बाजू मांडण्याच्या भरीस पडू नका, तेल-मीठ घेऊन या.

त्यांचे उत्तर पौषात आले. यादी झाली; तीत त्या दुकानदाराच्या विधवा चुलतीचे नाव निघाले, तिला एक घोंगडी दिली. तो काही बोलला नाही. नाताळच्या उपासनेस आदल्या वर्षी होती तितकीच माणसे होती, नवे घर एकही आले नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी गीतांची पुस्तके मागितली आहेत. जुनी पाने सुटली आहेत आणि म्हाताऱ्यांस बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मोठ्या टाईपाची असल्यास बरे, असे लिहिले आहे. ती आम्ही पाठवीत आहोत.